विज्ञानकादंबरीचे माध्यमांतर आणि चाहत्या वाचकाची भीती : जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित'च्या निमित्ताने

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्याहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात नारायणगाव लागते. तेथून पूर्वेस वळल्यावर खोडदच्या परिसरात द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांच्या वर उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होय. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 खोडदजवळच्या मध्यवर्ती क्षेत्रात असून उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकारलेली ही दुर्बीण 2001 साली राष्ट्राला अर्पण झाली. या परिसरातील मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची 'प्रेषित' ही कादंबरी अधिक जवळची वाटली तर ते स्वाभाविक आहे. दूरच्या ग्रहावरून येणाऱ्या संदेशाची वाट पाहणाऱ्या रेडिओ दुर्बिणींची ही कादंबरी 1983 साली प्रकाशित झाली. त्या वेळी खोडदच्या शिवारात एकही अँटेना नव्हती.

या कादंबरीवर मोठ्या पडद्यावरचा चित्रपट व्हावा, ही तिच्या चाहत्यांची इच्छा असते आणि तो होऊ नये, ही त्यांचीच भीती असते. नारळीकरांचे 20 मे 2025 रोजी पुण्यात निधन झाल्यानंतर या भीतीला वेगळे वजन आले आहे. पटकथेत विज्ञान चुकते आहे काय, हे विचारण्यासाठी आता लेखक उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखात या भीतीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ही भीती निराधार नाही. मात्र चाहता बहुधा चुकीच्या गोष्टीला भितो, असे येथे म्हणावयाचे आहे.

चाहत्याच्या नेहमीच्या तक्रारी सर्वपरिचित आहेत. नट मनातल्या पात्रासारखा दिसत नाही, गाणी घुसडली जातात, शेवट बदलतो, आवडते प्रकरण गाळले जाते. आनंद यादवांच्या 'नटरंग'वरील चित्रपट 2010 मध्ये आणि मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वरील चित्रपट 2012 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हाही मूळ पुस्तकाशी तुलना झालीच. कादंबरी ही शब्दांची आणि चित्रपट हा दृश्य-ध्वनींचा व्यवहार असल्याने संहितेशी शब्दशः इमान राखणे शक्य नसते व आवश्यकही नसते. माध्यमांतराच्या चर्चेत हा मुद्दा एव्हाना इतका रूढ झाला आहे की त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की विज्ञानकथेत असे काय असते, जे गेल्यावर बाकी सर्व शिल्लक राहूनही ती विज्ञानकथा उरत नाही?

या प्रश्नाचे उत्तर नारळीकरांच्याच दोन कथांतून मिळू शकते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाची आहे. पानिपतचे तिसरे युद्ध मराठे जिंकले असते तर काय झाले असते, ही तिच्यामागील कल्पना आहे. परंतु या कथेत युद्ध घडताना दिसत नाही. गंगाधरपंत गायतोंडे पर्यायी मुंबईत पोहोचतात, टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात आणि इतिहासाने नेमके कोठे वळण घेतले ते शोधतात. विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती कानाजवळून निघून गेली, एवढाच तो फरक आहे. त्याचा पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान त्यांच्या खिशात राहते. कथेचा सर्व ताण त्या पानात आहे. या कथेवर चित्रपट काढावयाचा झाला तर निर्मात्याचा पहिला मोह कोणता असेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. हत्ती, घोडे, तोफा आणि धूळ! आशुतोष गोवारीकर यांच्या 'पानिपत' (2019) या चित्रपटात असे युद्ध प्रेक्षकांनी पाहिलेही आहे, आणि इतिहासपटात ते योग्यच होय. गंगाधरपंतांच्या कथेत मात्र ग्रंथालयाच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसलेला एक प्राध्यापक हाच रणसंग्राम आहे.

दुसरी कथा 'धूमकेतू'. हिच्यावर चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने हिंदी चित्रपट काढला होता, ही बाब आज मराठी समीक्षेच्या चर्चेत क्वचितच येते. (ती संस्था 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.) कथेतील दत्त हे हौशी खगोलनिरीक्षक एक धूमकेतू शोधतात; तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते; त्याचा मार्ग बदलण्यासाठी स्फोटके घेऊन यान पाठवले जाते. इकडे त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवी अरिष्ट टळावे म्हणून शांतियज्ञ करवतात. संकट टळते आणि प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेनुसार त्याचे श्रेय देतो. ही कथा कागदावर वाचताना यज्ञ आणि गणित या दोहोंना सारखीच शाई लागते. वाचकाच्या मनात दोन कारणे शेजारी शेजारी उभी राहतात आणि त्यांतील एकच खरे कारण आहे, हे त्याला स्वतः ठरवावे लागते. पडद्यावर मात्र ही समता टिकणे अवघड असते. यज्ञाला ज्वाळा आहेत, मंत्रघोष आहे, पत्नीच्या डोळ्यांतील पाणी आहे. गणिताला काय आहे? एक फळा किंवा आकड्यांचा एक कागद. दिग्दर्शकाच्या मनात कसलाही अवैज्ञानिक हेतू नसला तरी केवळ दृश्याच्या बळावर पारडे यज्ञाकडे झुकू शकते. चाहत्याने धास्ती बाळगावी ती याची. कथानक जसेच्या तसे राहील, एकही पात्र गाळले जाणार नाही, आणि तरीही कथेचा अर्थ उलटा होऊन बसेल.

नारळीकरांच्या विज्ञानसाहित्याचा रस अनुमानाच्या साखळीत आहे, असे यावरून म्हणता येईल. निरीक्षण, शंका, पडताळा, पुन्हा शंका आणि मग निष्कर्ष असा तो क्रम असतो. 'प्रेषित'मध्येही सायक्लॉप्स या दुर्बीणसमूहाची दीर्घ, निष्फळ वाटणारी प्रतीक्षा आणि आलोक या तरुणाला लागणारा आपल्या मुळाचा शोध हे दोन धागे तर्काच्या गाठीने जोडलेले आहेत. सायक्लॉप्स हे नाव काल्पनिक नव्हे. परग्रहावरील संदेश टिपण्यासाठी शेकडो अँटेनांचा समूह उभारण्याची एक योजना 1971 साली अमेरिकेत नासाच्या आश्रयाखाली याच नावाने आखली गेली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. मराठी लेखकाने तिला कादंबरीत उभे केले.

या ठिकाणी 'काँटॅक्ट'चा दाखला अपरिहार्य ठरतो. कार्ल सेगन यांची ही कादंबरी 1985 ची, म्हणजे 'प्रेषित'नंतर दोन वर्षांची. रॉबर्ट झेमेकिस यांचा चित्रपट 1997 चा. सेगन यांचे निधन चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, डिसेंबर 1996 मध्ये झाले. तथापि निर्मितीच्या काळात ते प्रकल्पाशी संबंधित होते. कादंबरीत पाच जण प्रवासाला जातात, चित्रपटात एकटी नायिका जाते. कादंबरीच्या शेवटी पायच्या दशांश अंकांत दडलेल्या संदेशाची विलक्षण कल्पना येते. ती चित्रपटात नाही. चाहत्यांनी या दोन बदलांबद्दल नाराजी बाळगणे समजण्यासारखे आहे. पण अधिक गंभीर फेरफार तिसराच आहे आणि तो फारसा कोणाला खुपत नाही. या चित्रपटाचे सर्वांत गाजलेले दृश्य म्हणजे तबकड्यांच्या सान्निध्यात कानाला हेडफोन लावून अंतराळातील आवाज ऐकणारी नायिका. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ असे कानाने ऐकत बसत नाहीत. दुर्बिणीकडे येतात त्या रेडिओलहरी. त्यांचे संगणकाने आकडे व आलेख होतात आणि त्यांच्यावर पुढे कित्येक महिने काम चालते. खोडदच्या वेधशाळेत विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला गेलेल्या शाळकरी मुलालाही हे सांगितले जाते. चित्रपटाने मात्र महिन्यांचे काम एका क्षणाच्या श्रवणात बसवले आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात रेडिओ दुर्बीण म्हणजे एक मोठा कान अशी प्रतिमा कायम केली.

तरीही त्याच चित्रपटाचा प्रारंभ पाहिल्यावर चाहत्याला काही काळ गप्प बसावे लागते. कॅमेरा पृथ्वीपासून दूर दूर जातो आणि पृथ्वीवरून निघालेल्या रेडिओ-प्रसारणांचे आवाज जसजसे अंतर वाढते तसतसे अधिकाधिक जुने होत जातात. अखेर शांतता पसरते. प्रकाशाच्या मर्यादित वेगाचा अर्थ सांगण्यास लेखकाला जेथे परिच्छेद खर्चावे लागले असते, तेथे हे काम अवघ्या दोन-तीन मिनिटांत आणि एकही वाक्य न बोलता झाले आहे. माध्यम स्वतःच्या बळावर विचार करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

चाहत्याने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावयास हवी. नारळीकरांची पात्रे अनेकदा कल्पनेची वाहक असतात. त्यांची भाषा स्वच्छ, शिक्षकी आहे. पात्रांच्या मनातील अंधार तिला फारसा दिसत नाही. आपण या पृथ्वीवरचे नाही असे आलोकला उमगते तेव्हा त्याच्या आतड्याला पडणारा पीळ कादंबरी जेमतेम स्पर्शून पुढे जाते. चांगला नट आणि संयमी दिग्दर्शक यांनी ही उणीव भरून काढली तर तो मूळ कृतीचा अवमान ठरणार नाही. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस'ची (1961) कथा येथे आठवावी. आंद्रेई तारकोव्हस्की यांनी 1972 साली केलेला चित्रपट लेम यांना मुळीच रुचला नाही. मानवी बुद्धीला न उकलणाऱ्या अपरिचिताविषयीची आपली कादंबरी अपराधभावनेच्या नाट्यात बदलली, असा त्यांचा रोष होता. लेम यांचे निदान बरोबर होते आणि चित्रपटही श्रेष्ठ होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी वेगळा मार्ग पत्करला. जॉन इलियट यांच्यासमवेत त्यांनी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका 1961 साली बीबीसी दूरचित्रवाणीसाठीच लिहिली. कादंबरी मागाहून आली. तिचाही विषय रेडिओ दुर्बिणीवर आलेला संदेश हाच होता. त्या मालिकेचे बहुतांश भाग आज उपलब्ध नाहीत, कादंबरी मात्र वाचावयास मिळते. पुस्तकाची काळजी करणाऱ्याला एवढा दिलासा पुरेसा वाटावा.

या परिसरापुरते बोलावयाचे तर संहितेच्या पावित्र्याचा आग्रह येथील रसिकाला तसा परकाच आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी देण्यास येतात. एकच वग रोज रात्री वेगळ्या बतावणीने रंगतो. सोंगाड्या गावानुसार वाक्ये बदलतो आणि प्रेक्षक त्याला दाद देतात. पण वगातील राजाचा न्याय हुकला किंवा सोंगाड्याची हजरजबाबी बोथट झाली तर तोच प्रेक्षक उठून जातो. काय बदलले तरी चालते आणि काय बदललेले चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. विज्ञानकादंबरीच्या चाहत्याने हे तारतम्य या प्रेक्षकाकडून घेण्यास हरकत नसावी.

अनुमान आणि प्रतीक्षा पडद्यावर दाखवता येत नाहीत, असेही मानण्याचे कारण नाही. त्याचा पुरावा आळेफाट्यावरून जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. 2009 साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या दिशेने गेला. पकडल्याची आणि सोडल्याची अशी दोन्ही ठिकाणे कल्याण-नगर मार्गावरची. आळेफाटा त्यांच्या दरम्यान. डॉ. विद्या अत्रेय यांच्या या संशोधनावर सुजय डहाके यांनी 'आजोबा' (2014) हा चित्रपट केला. हे विज्ञानसाहित्याचे माध्यमांतर नव्हे, आणि चित्रपट निर्दोष आहे असेही नाही. परंतु एक संशोधिका आणि तिचे सहकारी कॉलरकडून येणाऱ्या संकेताची वाट पाहतात, नकाशावर ठिपके मांडतात, ठिपक्यांतून एका प्राण्याचा हेतू वाचू पाहतात, हे मराठी प्रेक्षकाने तिकीट काढून पाहिले आहे. नकाशावरचा ठिपका पाहून श्वास रोखणारा प्रेक्षक मुद्रिताच्या पट्टीवरील एका अनपेक्षित उंचवट्यासाठीही तो रोखू शकेल.

तेव्हा 'प्रेषित'च्या पटकथाकाराकडे चाहत्याने मागावयाचे ते आलोकच्या चेहऱ्याचे किंवा शेवटाचे आश्वासन नव्हे. सायक्लॉप्सच्या वैज्ञानिकांनी काहीही न मिळता काढलेली वर्षे पटकथेत किती मिनिटे घेतात, संदेश आल्यावर तो खोटा असण्याची शक्यता कोणी आणि कशी तपासतो, आलोकचा निष्कर्ष त्याला स्वप्नात दिसतो की तो त्याच्यापर्यंत पायरीपायरीने पोहोचतो, हे त्याने विचारावे. चित्रीकरणासाठी खोडदच्या तबकड्यांचा मोह कोणत्याही निर्मात्याला होईल, आणि सूर्यास्ताच्या वेळी त्या दिसतातही देखण्या. मात्र ही दुर्बीण येथे उभारली गेली त्यामागे या खोऱ्यातील रेडिओ-शांतता हे एक महत्त्वाचे कारण होते. वेधशाळेच्या आवारात भ्रमणध्वनीसुद्धा नकोसा असतो, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण लहर त्याच्या गलबल्यात बुडून जाते. चित्रीकरणाचा ताफा तेथे येईल तो बिनतारी मायक्रोफोन, वॉकीटॉकी आणि ड्रोन घेऊनच. तबकड्यांसमोर पहिले दृश्य घेण्यापूर्वी दिग्दर्शकाला ही सर्व साधने बंद करण्यास सांगितले जाईल, आणि बहुधा तेथेच त्याची कादंबरीशी पहिली खरी ओळख होईल.