‘शिवभारतां’तील मलिक अंबर

निजामशाहीचें मूळ फेरिस्ता पाथरीच्या ब्राह्मण कुळांत सांगतो. तिचा उत्तरकाळींचा खरा धनी मात्र गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर! इ. स. १६२४ मध्यें भातवडीस त्यानें मोंगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजा मोडल्या. भोसले कुळाची कीर्ति गाण्यास बसलेला कवींद्र परमानंद त्या युद्धाच्या वर्णनांत अंबराचा पराक्रम झांकीत नाहीं, हें आम्हांस ‘शिवभारता’चें भूषण वाटतें. काळ्या राजपुरुषास इतका न्याय सर्वत्र मिळत नाहीं. इ. स. पूर्वीं आठव्या शतकांत इजिप्त जिंकणाऱ्या न्युबियाच्या पिये राजाचें थडगें उकरणारे रायस्नर साहेब त्याचा वंश लिबियन ठरवूं पाहत होते. काळ्या मनुष्यानें एवढें राज्य चालवावें, हें त्यांस पटेना! परमानंदास अशी अडचण पडली नाहीं.