'भ'ची फट : अक्षराची कड आणि सावली

फ्लेक्सवरच्या अक्षरांना आपण 'बटबटीत' म्हणतो आणि तिथेच थांबतो. पेंटर गेला, संगणक आला, म्हणून अक्षर बिघडले, हेही आता ठरीव विधान झाले आहे. बिघाड नेमका कुठे होतो हे पाहायचे, तर फोटोशॉपमधल्या दोन सोयी तपासाव्या लागतात : अक्षराभोवतीची कड, म्हणजे स्ट्रोक, आणि मागची सावली, म्हणजे ड्रॉप शॅडो. सावली १९९८च्या पाचव्या आवृत्तीत आली, कड २०००च्या सहाव्या आवृत्तीत.

दोघींची कामे वेगळी. कड अक्षराला मागच्या चित्रापासून सोडवते. सावली त्याला पृष्ठभागावरून उचलते. ब्रशने काम करणारा पेंटर सावली टाकतो ती कडेसकट साऱ्या आकाराची. फोटोशॉपमध्ये दोन्ही एकाच लेयरला दिल्या, की सावली मूळ अक्षरावरून निघते. कड तिच्या हिशेबात नसते. बाहेरून दहा पिक्सेलची कड दिली, तर पाच पिक्सेल अंतराची सावली तिच्याखाली जवळजवळ झाकली जाते. मग माणूस अंतर वाढवत जातो आणि जाड अक्षरामागे हडकुळी सावली उभी राहते. यावर उपाय आहे. कड दिलेला लेयर ग्रुपमध्ये टाकावा आणि सावली ग्रुपला द्यावी. २०१२च्या सीएस६पासून हे थेट करता येते.

देवनागरीचा प्रश्न मात्र ग्रुपने सुटत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक मुख्यतः शिरोरेघेत सोडलेल्या फटीवर उभा आहे. फट सहा पिक्सेलची असेल, तर तीन पिक्सेलची कड दोन्ही बाजूंनी येऊन ती बुजवते. डीटीपी नवे असताना मी निळ्यावर पिवळी अक्षरे, त्यांना पांढरी कड, अशा थाटात 'भरती सुरू' असा फलक केला होता. पडद्यावर झकास दिसत होता. चौकात टांगल्यावर लोकांनी 'मरती सुरू' वाचले. पैसे बुडाले ते सोडा. पण मी कितीतरी वर्षे दोष फाँटलाच देत राहिलो. रोमनमध्येही 'सी'चा 'ओ' होऊ शकतो, पण त्याला कड फारच जाड लागते.

शिवाय बाहेरची कड टोके गोल करते. बोरूच्या तिरक्या कापाने अक्षराला आलेली धार त्यात जाते. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे पाहावीत : कितीही ठळक असली, तरी आतल्या पोकळ्या आधी राखलेल्या दिसतात. जाडी तिथे अक्षराबरोबर जन्मते, मागाहून चढवली जात नाही.

हल्ली मी कड देण्याआधी मजकुरातले 'भ' आणि 'ध' शोधतो. अक्षरांचे आकारात रूपांतर करून फट हाताने रुंद करतो. एकदा तसे केले की मजकूर टंकून बदलता येत नाही, आणि गिऱ्हाईक नाव बदलते ते नेमके छपाईच्या आदल्या रात्री.