यादीतला कुत्रा आणि दारातला कुत्रा

कुत्र्याच्या वाणाला मराठीत आपण सरळ 'जात' म्हणतो, आणि जात म्हटली की पुढचं सगळं आपोआप येतं. कुत्रा चांगला निघाला तर 'जातिवंत', वाईट वागला तर 'शेवटी जातीवर गेला', आणि त्याला वळण लावू पाहणाऱ्याला ऐकवायला नळीतलं वाकडं शेपूट तयारच असतं. त्यामुळे आपल्या मंडळींत कुत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठली जात धोक्याची? मायदेशी परतायच्या बेतात असलेले, पुण्यानाशकात बंगला बांधून ठेवलेले, आईवडील तिकडे एकटे असलेले, सगळे हेच विचारतात. या प्रश्नाला भारत सरकारने एकदा अधिकृत उत्तर दिलं होतं. त्या उत्तराची नीट तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवलं. त्यात तेवीस जातींची यादी होती. हे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, म्हणून त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, आणि जे आधीच घरोघरी आहेत त्यांची नसबंदी करावी, असा त्याचा आशय. पत्रामागे खरं दुःख होतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्धेचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर अशा बातम्यांकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं. सरकारने काहीतरी करावं ही मागणी रास्तच होती.

पण यादी वाचायला बसलं की पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते. 'तोसा इनू' एका ठिकाणी आहे आणि 'जपानी तोसा' दुसऱ्या ठिकाणी. हा कुत्रा एकच. दक्षिण आफ्रिकेचा बोअरबोल स्वतंत्र आहे, आणि पुन्हा 'मॅस्टिफ'च्या कंसातही आहे. एका ठिकाणी नुसतंच 'टेरियर' असं लिहिलं आहे. टेरियर हे एका कुत्र्याचं नाव नव्हे, ते मोठं कुळ आहे. मांडीवर मावणारा, तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही त्याच कुळातला. तो यादीत सापडतो, आणि चोरांच्या अंगावर धावून जावा म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला अल्सेशियन आणि डॉबरमन मात्र बाहेर राहतात. धोका मोजून केलेली यादी अशी दिसत नाही. इकडून तिकडून नावं गोळा केल्यावर ती अशी दिसते.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ ला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिलला हे पत्र रद्द ठरवलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप होता. मग केंद्राने मे महिन्यात लोकांकडून हरकती मागवल्या. म्हणजे यादी पडली ती कार्यपद्धतीवर. मूळ प्रश्न, जातीतच धोका असतो का, तो तसाच राहिला.

यादीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मांडतो. कुत्र्यांच्या जाती निसर्गाने केलेल्या नाहीत, माणसाने कामासाठी घडवल्या. इंग्लंडात बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला आणि शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी सुरू केल्या. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून एकदा धरलं की न सोडणारा कुत्रा तयार केला गेला. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांतल्या २३८ मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रकरणांत पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर होते. 'कुत्रा कधी वाईट नसतो, मालक वाईट असतो' असं म्हणणाऱ्या प्राणिप्रेमी मित्रांनी हा आकडा गिळून टाकू नये. पॉमेरेनियन चिडला तर टाके पडतील. साठ किलोचा मॅस्टिफ चिडला तर टाके घालायची वेळ येईलच असं नाही.

याच मित्रांचा दुसरा युक्तिवाद असा की कुत्र्याला जातीवरून दोषी धरणं म्हणजे माणसांतला जातिभेदच. ऐकायला हे बरं वाटतं, आणि परदेशात पारपत्राच्या रंगावरून जोखले गेलेल्या आपल्यासारख्यांना तर पटकन पटतं. पण तुलना टिकत नाही. माणसाच्या जाती कुणी राखणीसाठी आणि झुंजीसाठी जोड्या लावून पैदा केलेल्या नाहीत. कुत्र्याच्या केल्या आहेत. पॉइंटरचं पिल्लू शिकवण्याआधीच पाय उचलून पक्ष्याकडे रोखून उभं राहतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग उपजत गुण नेमका किती? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे नऊ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं निघालं. कुत्रा किती लवकर चिडतो, याचा तर जातीवरून जवळजवळ अंदाजच येत नाही. या अभ्यासालाही मर्यादा आहे. त्यात घरगुती कुत्र्यांचं रोजचं वागणं मोजलं आहे, जीवघेणे हल्ले नव्हेत. तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र उमगतं: चावलं तर किती नुकसान होईल, हे कुत्र्याचा बांधा बराचसा सांगतो. चावेल की नाही, हे जात फारसं सांगत नाही.

यादीतली सात नावं मला विशेष बोलकी वाटतात: तुर्कस्तानचे कांगल आणि अकबाश, मध्य आशियाई, कॉकेशियन आणि दक्षिण रशियन शेफर्ड, आणि बाल्कनातले टॉर्न्याक व शारप्लानिनाक. हे सातही मेंढ्या राखणारे. कळपात वाढायचं आणि कळपाजवळ येणाऱ्या अनोळख्याला अडवायचं, हे त्यांचं काम. आम्ही राहतो ते हफ्र अल बातिन हे कुवेत आणि इराकच्या सीमांजवळचं, वाळवंटातल्या वादीतलं गाव. हाजच्या वाटेवर खणलेल्या विहिरींवरून त्याला हे नाव पडलं. हिवाळ्यात पाऊस झाला की भोवतालचं रान हिरवं होतं, उंट-मेंढ्यांचे कळप उतरतात आणि शहरातली माणसं तंबू ठोकून राहायला जातात. आपलीही कुटुंबं सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन जातात. तिथे कळपाभोवती जे कुत्रे असतात त्यांना ना जात, ना वंशावळीचा कागद. दिवसा ते सावलीत पडून असतात. अंधारात त्यांच्या आणि मेंढ्यांच्या मधे पाऊल पडलं, की ते कांगलचंच काम करतात. आपल्या माणदेशातल्या धनगराच्या वाड्यावरही रात्री हाक न देता कोणी जात नाही. तिथल्या कुत्र्याचं नावही कुठल्या यादीत सापडणार नाही. धोका तिथे आहेच, पण तो कामात, वेळेत आणि अंतरात आहे.

अरबस्तानातही कुत्र्यांची एक अलिखित यादी फार पूर्वीपासून आहे, आणि ती उलट्या बाजूची आहे. इतर कुत्र्यांना अपवित्र मानणारा बदू शिकारी सलूकीला 'कल्ब' म्हणजे कुत्रा म्हणतच नाही, तंबूत घेतो. कुराणात मात्र कुत्र्याने आणलेली शिकार चालते ती तो शिकवलेला असेल तर. कसोटी शिक्षणाची आहे, कुळाची नाही. आपला कारवानी आणि मुधोळचा कुत्रा याच सलूकीचे दूरचे भाऊबंद मानले जातात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांना नावारूपाला आणलं आणि २००५ मध्ये मुधोळ टपाल तिकिटावर झळकला. कुत्र्याच्या जातीचा मान आणि अपमान, दोन्ही माणसं किती सहज वाटतात पाहा.

आता यादीत जो रकाना नाही, त्याकडे येतो. अमेरिकेत २००० ते २००९ या काळातल्या २५६ मृत्यूंचा पोलिसांच्या कागदपत्रांवरून अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के प्रकरणांत. पण बाकीच्या गोष्टी स्पष्ट होत्या. ८७ टक्के प्रकरणांत मधे पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५ टक्क्यांत कुत्र्याची आणि बळी पडलेल्याची नीट ओळख नव्हती. ८४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७७ टक्क्यांत बळी पडलेली व्यक्ती वयाने किंवा प्रकृतीने स्वतःला सांभाळण्याच्या स्थितीत नव्हती. ७६ टक्क्यांत कुत्रा घरातल्या माणसांत न मिसळता बाजूला, साखळीला किंवा अंगणात ठेवलेला होता. अशा कारणांपैकी चार किंवा अधिक एकत्र आलेली प्रकरणं ऐंशी टक्के होती.

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा आणि आपल्या घराकडे पाहा. मुलगा आखातात किंवा अमेरिकेत, आईवडील सत्तरीपुढचे, बंगला गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत. चोऱ्यांच्या बातम्या येतात, म्हणून मुलगा पैसे पाठवतो आणि एक दांडगा 'राखणीचा' कुत्रा घेतला जातो. तो दिवसभर साखळीला आणि रात्री मोकळा. त्याला फिरवायला आलेला पोऱ्या दोन महिन्यांत सोडून जातो. वडिलांच्या हाताला ओढ सोसत नाही, मग फिरवणंच बंद होतं. सुट्टीत नातवंडं येतात, ती कुत्र्याला अनोळखी आणि कुत्रा त्यांना. अमेरिकेतल्या अहवालातलं प्रत्येक कारण इथे हजर आहे. यातला कुत्रा यादीतला आहे की यादीबाहेरचा, याने फार थोडा फरक पडतो. यादीमुळे उलट एक खोटं समाधान मिळतं: आम्ही अल्सेशियन घेतला, तो बंदीत नाही.

बंदीचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनने १९९१ मध्ये चार जातींवर बंदी घातली. इंग्लंडात कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणारे पुढच्या दशकांत कमी झाले नाहीत, वाढले. २०२३ च्या अखेरीस 'एक्सएल बुली' हे पाचवं नाव जोडावं लागलं. हॉलंडने १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये मागे घेतली. कॅनडातल्या कॅल्गरीने २००६ च्या नियमांत जातीचं नाव न घेता परवाना, दोरी आणि जबर दंड यांवर भर दिला. दंड भरणारा मालक सुधारतो. बंदी घातली की तो नव्या नावाचा कुत्रा आणतो.

आणि भारतापुरतं बोलायचं तर सर्वांत मोठ्या धोक्याला जातच नाही. अलीकडच्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतले तीन चतुर्थांश कुत्रे, आणि सुमारे ५,७०० माणसं रेबीजने दगावतात. हे कुत्रे मुख्यतः गल्लीतले, लस न टोचलेले. सौदीतही २००७ ते २००९ या काळात नोंदल्या गेलेल्या ११,०६९ चाव्यांत निम्मे कुत्र्यांचे आणि चौथ्या हिश्शाहून अधिक मांजरांचे होते. म्हणून इथे तळावर किंवा तिकडे गल्लीत, पोराला कोणीही ओरबाडलं तरी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही. वेळेवर लस घेतलेला जवळपास प्रत्येकजण वाचतो.

माझं मत एवढंच की तेवीस नावांच्या त्या पत्रात उत्तर चुकलं त्याआधी प्रश्न चुकला होता. भारतात हा प्रश्न विचारणारा कायदा १८६० पासून आहे. आपला प्राणी निष्काळजीपणाने सांभाळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणारा गुन्हेगार आहे, असं दंडसंहितेचं २८९ वं कलम सांगत होतं, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम तेच सांगतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्यात कुठल्याही जातीचं नाव नाही, मालकाचं कर्तव्य आहे. अंमलबजावणी तेवढी हवी.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर 'कुठली जात घेऊ?' असा प्रश्न आला तर उलट चार प्रश्न विचारा. त्याला रोज कोण फिरवणार? तो माणसांत वाढणार की साखळीला? नसबंदी आणि लस कोण बघणार? आणि तो एकदा बिथरलाच, तर त्याला आवरू शकेल असं घरात कोण असणार? शेवटच्या प्रश्नाला 'कोणी नाही' असं उत्तर येत असेल, तर आईवडिलांना कुत्र्याची गरज नाही. त्यांना दाराला चांगलं कुलूप, शेजारी एक माणूस आणि आपला रोजचा फोन लागतो.