जाति : फूट कीं जोड?

मानववंशशास्त्राच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यास सिद्धांत पाठ असतात. त्यांची कसोटी कशी घ्यावी, हें मात्र त्यास क्वचितच शिकविलें जातें. या दृष्टीनें डॉ. इरावती कर्वे यांचा १९६१ सालचा ‘हिंदु सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ हा ग्रंथ अजूनही वाचनीय आहे. त्यांचे गुरु डॉ. गो. स. घुर्ये यांनीं ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथांत जातिसंस्थेचें मूळ ब्राह्मणी संस्कृतींत पाहिलें. मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाति झाल्या, या त्यांच्या मतावर शिष्येनें सरळ आक्षेप घेतला. महाराष्ट्रांतील कुंभारांचा दाखला देऊन कर्वे म्हणतात कीं, धंदा व नांव एक असलें तरी हे गट मुळांतच निराळे. ते फुटलेले नव्हेत, शेजारीं येऊन बसलेले आहेत.

हा वाद पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नेऊन पाहावा. अलिबाग, पेण, रोहें या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवानें त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. त्यांची भाषा मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर अशीं. हिंदु तेल्यांतून हे फुटून निघाले, असें कोणीही म्हणणार नाहीं. येथें शिष्येचें मत उघड खरें ठरतें.

परंतु याच समाजांत ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता. परजातीच्या स्त्रियांपासून झालेली संतति ‘काळी’ मानली जाई, आणि तिच्याशीं रोटीबेटीव्यवहार होत नसे. हें ठिगळ बाहेरून जोडलेलें नव्हे; ही घरांतच पडलेली चीर होय. कर्वे यांच्या उपपत्तींत तिला पुरेशी जागा नाहीं. घुर्ये यांचीही येथें अडचण होते. कारण ज्या समाजाचें धर्मशास्त्र ब्राह्मणी नव्हे, त्यानेंही हा सोंवळेपणा पाळला.

शरीराच्या मापांवरून गट मुळांत एक कीं अनेक, हें कदाचित् कळेल. परंतु आज ते एकमेकांस मुलगी कां देत नाहींत, याचें उत्तर त्यांत नाहीं. कुळाच्या उगमाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या घरांनीं हा फरक विशेष ध्यानांत ठेवावा. उगम परका असो वा एकच असो, कुंपण आपणच घालतों व आपणच राखतों. कर्वे यांचा ग्रंथ पहिल्या प्रश्नाचें समर्थ उत्तर देतो. दुसरा प्रश्न तो वाचकाच्या हातीं सोपवितो. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. त्यांच्या घाण्यांबरोबर हा पुरावाही मागें पडला. गुरूशीं वाद घालण्याचें धैर्य कर्वे यांनीं दाखविलें. त्यांच्या ग्रंथाशींही त्याच धैर्यानें वाद घालणें, हाच त्याचा खरा अभ्यास होय.