हशा पिकतो, पण लिहितं कोण?

‘सैराट’चं नाव निघालं की लोकांना आधी त्याचा शेवट आठवतो. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने शंभर कोटींच्या पुढे गल्ला जमवला आणि त्याची चर्चा जात, प्रेम आणि हिंसेभोवती फिरत राहिली. ते योग्यच होतं. पण त्या चर्चेत पूर्वार्धाकडे मात्र दुर्लक्ष झालं. हा पूर्वार्ध अलीकडच्या मराठी पडद्यावरच्या सर्वांत कसदार विनोदांपैकी एक आहे. सुरुवातच क्रिकेटच्या सामन्याने होते. मैदान धुळीचं, मंडप पाहुण्यांचा आणि कर्ण्यावर समालोचन करणारा गडी चेंडूइतकंच गावाबद्दलही बोलतो. कोण कुणाचा, कुणाची किती ऐपत, पाहुण्यांपुढे किती वाकायचं, हे सगळं हसतहसत सांगून होतं. उत्तरार्धात ज्या उतरंडीने जीव घेतला, तीच उतरंड प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत हसून पाहून घेतो.

हा विनोद सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसरातला. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, लंगड्याची भूमिका करणारा तानाजी गळगुंडे याच जिल्ह्यातला. यांपैकी कुणी विनोदी नट म्हणून तयार होऊन आलं नव्हतं. ‘काय बे’, ‘लका’ करत बोलणाऱ्या पोरांच्या जिभेला वळण लावायच्या भानगडीत दिग्दर्शक पडला नाही. त्याने प्रसंग नेमका रचला आणि बोली मोकळी सोडली. मराठी विनोदी चित्रपटाच्या चढउतारांचा हिशेब मांडायला सोलापूर जिल्हा सोयीचा आहे तो यामुळेच. इथे विनोदाची जुनी परंपरा आहे, माणसं आहेत, बोली आहे. विनोद जिथे जमला तिथे त्याच्यामागे लेखणी होती, जिथे फसला तिथे बहुधा तीच गायब होती.

परंपरा पेशवाईपर्यंत मागे जाते. शाहीर रामजोशी सोलापूरचे. त्यांच्यावरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ मध्ये आला. मोडनिंबची कला केंद्रं आजही याच जिल्ह्यात आहेत आणि अकलूजची लावणी स्पर्धा राज्यभर गाजली. तमाशातल्या सोंगाड्याचं काम बाहेरून सोपं वाटतं. प्रत्यक्षात बतावणीत तो समोरच्या गर्दीचा अंदाज घेत बोलतो. एखादं वाक्य पडलं तर पुढचं बदलतो, हशा लांबला तर थांबतो. दुसऱ्या गावात तोच वग थोडा वेगळा होतो. शंभर रात्री प्रेक्षकांच्या हाताखालून गेलेली संहिता मग कुठल्याही पडद्यावर चालते.

या संहितेला कागदावर आणणारा माणूस सोलापुरात जन्मला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वसंत सबनीस यांचा जन्म १९२३ चा. त्यांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला. १९६५ च्या सुमारास ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने तो रंगभूमीवर आला आणि त्यातल्या हवालदाराने दादा कोंडके यांना घराघरांत पोहोचवलं. वगाचा सांगाडा पक्का होता: राजा, कोतवाल, हवालदार, मैना. पण त्या सांगाड्यात रोजच्या वर्तमानपत्राला जागा होती. कोंडके प्रत्येक प्रयोगात त्या दिवसाचं राजकारण आत घालत. लेखकाने जागा ठेवली आणि नटाने ती भरली, असा तो करार होता.

तो करार १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’च्या रूपाने पडद्यावर आला. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं. आईला घाबरणारा भाबडा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, एवढंच कथानक. मुंबईत दादरच्या कोहिनूरमध्ये हा चित्रपट लावायला मालक तयार नव्हता. त्याला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा किस्सा सर्वश्रुत आहे. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७) असे कोंडके यांचे चित्रपट ओळीने रौप्यमहोत्सवी झाले. त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली.

त्यानंतरची घसरणही त्याच माणसाच्या कारकिर्दीत दिसते. सुरुवातीच्या कोंडके-पटांत द्व्यर्थ हा भाबड्या माणसाच्या तोंडी येतो. बोलणाऱ्याला तो कळत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतो, म्हणून हसू येतं. हळूहळू बोलणाराही डोळा मारू लागला. प्रसंगाच्या जागी शब्दच उरला. नव्वदच्या दशकात त्यांचा प्रेक्षक पांगला. १९९८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या मागे नकला करणारे पुष्कळ होते, त्यांच्यासाठी वग लिहील असा लेखक नव्हता.

दरम्यान शहरी विनोदाची वेगळी गाडी सुरू झाली होती. तिची वंशावळ मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांच्या ‘ब्रह्मचारी’पर्यंत (१९३८) आणि राजा परांजपे, राजा गोसावी यांच्या ‘लाखाची गोष्ट’पर्यंत (१९५२) जाते. ऐंशीच्या दशकात महेश कोठारे यांनी ‘धुमधडाका’ (१९८५) आणि सचिन पिळगांवकर यांनी ‘गंमत जंमत’ (१९८७) आणून तिला वेग दिला. मूळ कल्पना बऱ्याचदा बाहेरच्या असत. ‘धुमधडाका’च्या मागे ‘प्यार किये जा’ आणि त्याच्याही मागे श्रीधर यांचा तमिळ चित्रपट होता. तरी हे चित्रपट मराठी वाटले, कारण संवाद आणि अडचणी मराठी होत्या.

सर्वांत ठळक उदाहरण ‘अशी ही बनवाबनवी’चं (१९८८). हाही हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर आधारलेला. पटकथा-संवाद पुन्हा वसंत सबनीसांचे. पुण्यात खोली मिळत नाही, म्हणून चौघांपैकी दोघे बायका होतात. इथपर्यंतची कल्पना उसनी. पण घरमालकाचा खवचटपणा, मधुमेहाची औषधं, मावशीचा कडक कारभार, नोकरीच्या ठिकाणची ओढाताण, हे सगळं असं बांधलंय की प्रत्येक थाप पुढच्या थापेला जन्म देते. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं टायमिंग अफाट आहेच. पण हा चित्रपट आजही सुट्टीच्या दुपारी लावला की घरातली तीन पिढ्यांची माणसं बसतात, ती या बांधणीमुळे. सतरा वर्षांत ‘सोंगाड्या’पासून ‘बनवाबनवी’पर्यंत दोन वेगळ्या प्रेक्षकवर्गांना हसवणारे दोन मोठे चित्रपट एकाच लेखकाच्या हातून आले आणि पोस्टरवर मात्र नट मोठे होत गेले.

नव्वदच्या दशकात लेखणी मागे पडली, साचा राहिला. दोन नायक, एक खलनायक, एक गोंधळाची मारामारी. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’च्या अश्रूंनी विनोदाला मागे टाकलं. ‘झपाटलेला’ (१९९३) हा अपवाद. कल्पना हॉलिवूडच्या बाहुल्याची, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळाला आणि तो इथलाच झाला. घडवलेल्या बाहुल्याला बोलीचा आवाज दिला की मराठी पोरं त्याला आपला मानतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता. अॅनिमेशनवाल्यांनी तो घेतला नाही.

खरं तर अॅनिमेशनची सुरुवात इथे लवकर झाली होती. दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. प्रभातने १९३४ मध्ये रघुनाथ केळकर यांचा ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट केला. मोहन भवनानी यांनी १९३५ मध्ये ‘लफंगा लंगूर’ काढला. व्यंगचित्रपटकार जी. के. गोखले पुढे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दिसतात. तिथे १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्या पिढीतून राम मोहन घडले. अक्षरशः गंमत म्हणून सुरू झालेलं काम सरकारी छत्राखाली गेलं आणि कुटुंबनियोजन, बचत, स्वच्छता यांच्या प्रचाराला जुंपलं गेलं. हस्तकौशल्य वाढलं, हशा कमी झाला.

पुढे बाजार आला तोही हिंदीतून. २००५ मधल्या व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने पुराणकथेला अॅनिमेशनमध्ये गल्ला आहे, हे दाखवलं. २०२५ मधल्या ‘महावतार नरसिंह’ने ते पुन्हा सिद्ध केलं. विनोदी मालिकांत हैदराबादचा ‘छोटा भीम’ (२००८) आणि मुंबईत तयार होणारे ‘मोटू पतलू’ (२०१२) यांनी वाहिन्या व्यापल्या. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, शहरभर कन्नड बोलणारी आहेत. या दोन्ही भाषांसाठी सन समूहाने २००९ च्या सुमारास खुशी टीव्ही आणि चिंटू टीव्ही या मुलांच्या वाहिन्या काढल्या. मराठी मूल मात्र हिंदी समजतंच, असं धरून त्याला हिंदीतच बसवलं गेलं. सोलापुरी पोरगं शाळेत एका भाषेत भांडतं, घरी दुसरीत जेवायला मागतं आणि कार्टून तिसरीत बघतं. या गोंधळावर कितीतरी भाग निघतील. पण अजून कुणी ते केलेलं नाही.

मराठीत अॅनिमेशन झालंच नाही, असं नाही. २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ आला. पण तो चरित्रपट. विनोदाच्या बाबतीत काय झालं, हे ‘चिंटू’वरून कळतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये गाजली. रेषा तयार, पात्रं तयार, वाचक तयार. तरी २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा त्यात जिवंत मुलं घ्यावी लागली. कारण हिशेबात आहे. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी अकरा मिनिटांच्या एका भागाला ७,९२० चित्रं लागतात. संगणकाने त्यातली बरीच मेहनत वाचवली, पण आराखडा, आवाजाचं ध्वनिमुद्रण, स्टोरीबोर्ड, मुख्य मुद्रा आणि मधल्या मुद्रा हा क्रम चुकत नाही. चित्रीकरणाच्या वेळी नटाला सुचलेला विनोद कॅमेरा फुकटात टिपतो. इथे प्रत्येक अर्ध्या सेकंदाचा थांबा आधी ठरवावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून अॅनिमेशनमध्ये संहिता कच्ची असेल तर ती शेवटपर्यंत कच्चीच राहते.

आणि पक्की असली तरी तिला पडदा मिळेलच असं नाही. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ २०१३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. मजेशीर, सुरेख, बाहुल्यांच्या परंपरेतून आलेली रेषा. भारतीय चित्रपटगृहांत तो लागायला २०१९ उजाडलं. मधल्या सहा वर्षांत पहिल्या प्रेक्षकवर्गातली मुलं मोठी होऊन गेली.

जिवंत नटांच्या चित्रपटाची स्थिती त्या मानाने बरी आहे आणि त्याचा पुरावा पुन्हा याच जिल्ह्यात सापडतो. परेश मोकाशी दिग्दर्शित, मधुगंधा कुलकर्णी लिखित ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पंढरपुरात घडतो. वडिलांनी बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. कर्ज थकल्याने आईचं विणकामाचं यंत्र जप्त होतं, सायकल विकायची वेळ येते आणि मुलं आईच्या नकळत कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. दुसऱ्या कुणाच्या हाती हे रडवण्याचं साधन झालं असतं. इथे दुकान मांडणारा गण्या शिव्यांच्या भांडवलावर व्यापार करतो आणि विठ्ठलाच्या नगरीतली भक्ती, उधारी आणि घासाघीस एकाच रस्त्यावर दिसते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच जोडीने पुढे ‘वाळवी’सारखा (२०२३) काळा विनोद केला. लेखक आणि दिग्दर्शक अनेक वर्षं एकत्र काम करतात तेव्हा काय होतं, याचं हे आजचं उदाहरण.

राजकीय उपहासाची धारही सोलापूरला परकी नाही. इथल्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेल्या जब्बार पटेल यांनी ‘सामना’ (१९७५) केला. साखर कारखानदारीचा तो उपहास विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आला होता. साखर पट्ट्यातल्या या जिल्ह्यात त्याचे संदर्भ समजावून सांगावे लागले नाहीत. आज कारखाने आहेत, निवडणुका आहेत, पण त्यावर पडद्यावर हसण्याची हिंमत कमी दिसते.

सध्या विनोदाचा मोठा कारखाना दूरचित्रवाणीवर आहे. ‘चला हवा येऊ द्या’ने २०१४ पासून जवळपास दहा वर्षं राज्याला हसवलं, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून चालू आहे. नटांची अख्खी फळी तिथून उभी राहिली. पण दर आठवड्याला नवं स्किट लागतं तेव्हा सात मिनिटांचा पंच साधतो आणि दोन तासांची बांधणी मागे पडते. स्किटमध्ये चाललेले नट चित्रपटात येतात, तेव्हा बऱ्याचदा स्किटांची माळच पडद्यावर लागते. ‘हास्यजत्रा’च्याच सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी ‘गुलकंद’मध्ये (२०२५) एक सलग गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. मोबाइलवर सोलापुरी बोलीतल्या रील्सना लाखोंचा प्रेक्षक आहे. तिथे बोली आहे, धीटपणा आहे, पण मिनिटापलीकडे जायची सवय नाही.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. इमारती आणि यंत्रं त्यातून येतील. त्यातला थोडा वाटा संहितेवर खर्च व्हायला हवा. विनोदी चित्रपटाला वा मालिकेला अनुदान देताना चित्रीकरणाआधीच लेखकाच्या हाती पैसे द्यावेत आणि ती संहिता लोकांसमोर वाचून दाखवण्याची अट घालावी. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, मोडनिंबला बतावणी करणारे कलावंत आहेत, विद्यापीठात जनसंज्ञापन शिकणारी मुलं आहेत. तीन भाषांत हसणारा प्रेक्षक तर फुकट मिळतो. निर्मात्यांनी पहिलं वाचन इथे करून पाहावं आणि पोस्टरवर लेखकाचं नाव नटांच्या नावाएवढ्या अक्षरांत छापावं.