रामकुमार यांची निर्मनुष्य वाराणसी

रामकुमार यांच्या चित्रकर्तृत्वाचा विचार करू लागताच एक पेच समोर उभा राहतो. प्रारंभी त्यांनी मुख्यतः माणूस रंगविला. पुढे सुमारे अर्धशतक त्यांच्या निसर्गचित्रांत माणूस जवळजवळ फिरकलाच नाही. हे स्थित्यंतर म्हणजे सामाजिक जाणिवेपासून केलेले पलायन होय, असा आक्षेप त्यामुळे संभवतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९२४ साली सिमल्यास जन्मलेल्या रामकुमारांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, बँकेतील नोकरी सोडली आणि १९५० च्या सुमारास पॅरिस येथे आंद्रे लोत व फेर्नां लेजे यांच्यापाशी शिक्षण घेतले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी रंगविली ती शहरातील हताश मध्यमवर्गीय माणसे. त्यांचे डोळे शून्यात लागलेले असत आणि पाठीमागे घरांची दाटी असे. हिंदीतील कथाकार या नात्यानेही याच वर्गाची कोंडी त्यांना जवळची होती.

१९६० मध्ये ते हुसेन यांच्यासमवेत वाराणसीस गेले. तेथील घाटांवर यात्रेकरू, विधवा, प्रेतयात्रा यांना खळ नाही. तथापि रामकुमारांच्या फलकावर उरली ती केवळ एकमेकांना बिलगलेली घरे, काळवंडलेल्या खिडक्या आणि पाण्याचा करडा पट्टा. परंतु ही घरे म्हणजे पूर्वीच्या चित्रांतील पार्श्वभूमीच पुढे सरकून आली आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे आक्षेपाचे बळ ओसरते. चेहऱ्यावरचे दुःख भावविवशतेकडे सहज झुकते. भिंतीत मुरलेले दुःख प्रेक्षकाची करुणा मागत नाही, त्याला केवळ थांबवून ठेवते. माणूस येथे नाहीसा झाला नसून त्याची अनुपस्थितीच चित्राचा विषय झाली आहे. हे पलायन नव्हे. हा संयम आहे.

उत्तरकाळाविषयी मात्र इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. घरे विरघळली, तिरकस पट्टे आले, करड्या रंगाची जागा निळ्या, हिरव्या व गेरूसदृश छटांनी घेतली. यांतील श्रेष्ठ चित्रांत डोंगर, दरी आणि प्रकाश यांचा ताण जाणवतो. इतर काहींत सुरीचा सराईत फटकारा अनुभवाच्या पुढे धावतो, आणि स्थळाशी असलेले नाते सैल होऊन चित्र नुसते प्रसन्न होते. वाराणसीच्या चित्रांत जे वगळले होते त्याचा भार जाणवत असे. येथे वगळण्यासारखे काही उरलेलेच नसते.

२०१८ साली रामकुमारांचे निधन झाले. त्यांच्या अमूर्ताचे मोल आकारांच्या सौंदर्यावरून नव्हे, तर त्या आकारांमागे किती माणसे मौन धरून उभी आहेत, यावरूनच ठरवावे लागेल.