ग्रंथ न झालेली छायाचित्रे

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत छायाचित्रांची प्रदर्शने आज विपुल भरतात, वृत्तपत्रांच्या अंकांत छायाचित्रांचा सुकाळ असतो, आणि दुष्काळ, वारी, बंद गिरण्या, झोपडपट्ट्यांची पाडापाडी अशा विषयांपाशी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणारे छायाचित्रकारही आपल्याकडे दुर्मीळ राहिलेले नाहीत. असे असूनही, ज्यात छायाचित्र हे मजकुराचे मांडलिक नसून स्वतःच मजकूर आहे असा दस्तऐवजी छायाचित्रांचा ग्रंथ मराठी प्रकाशनव्यवसायात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. याचे कारण विचारावे तर प्रकाशक खर्चाकडे बोट दाखवतात, छायाचित्रकार प्रकाशकाकडे, आणि दोघे मिळून वाचकाकडे. खर्चाची सबब खोटी नाही, पण ती अपुरी आहे. माझ्या मते या कलेचे घोडे पैशापाशी नव्हे, संपादनापाशी पेंड खाते.

आपल्या देशात अशा ग्रंथांचा आरंभीचा सर्वांत मोठा प्रकाशक सरकार हेच होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाले. त्यांत साडेचारशेंहून अधिक छायाचित्रे होती, प्रती मात्र अवघ्या दोनशे, आणि त्यांतल्याही निम्म्या सरकारी उपयोगासाठी राखलेल्या. सत्तावनच्या उठावाने हादरलेल्या अंमलाला आपल्या रयतेची चेहरेपट्टी दप्तरी लावून घ्यायची होती, तेव्हा वाचक मिळेल की नाही ही विवंचना त्या प्रकाशकाला पडण्याचे कारणच नव्हते. त्याच्या थोडे आधी, १८६३ आणि १८६६ साली, मुंबईच्या विल्यम जॉन्सनने इथल्या निरनिराळ्या जातिजमातींचे दोन खंड सिद्ध केले, त्यांतली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मागची दृश्ये दुसरीकडची आणून जोडलेली आहेत. म्हणजे दस्तऐवजाच्या बरोबरीने बनावट दस्तऐवजही आपल्याकडे पहिल्या दिवसापासून नांदत आला आहे. १८६६ मध्येच अहमदाबादच्या वास्तूंचा छायाचित्रग्रंथ निघाला तो प्रेमचंद रायचंद यांच्या द्रव्यबळावर; आणि गंमत अशी की ग्रंथ बाहेर पडेतो कापसाच्या सट्ट्यात खुद्द शेठजींचे दिवाळे वाजले होते. या ग्रंथांत छायाचित्रे छापलेली नव्हती, एकेक प्रत हाताने डकवलेली होती. पुढे हाफटोनच्या युक्तीने छायाचित्र अक्षरांबरोबर यंत्रावर चढले, पण सरकार नाहीतर शेठ असा आश्रयदाता गाठण्याची रीत काही सुटली नाही. आज एखाद्या कंपनीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणारा गुळगुळीत, जाडजूड, भेट देण्याजोगा ग्रंथ त्याच वंशातला आहे.

ज्यांना असा आश्रय नव्हता किंवा नको होता त्यांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात टिपलेली छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातून लोकांपुढे गेली, १९४९ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने जाना यांचे 'द सेकंड क्रीचर' हे पुस्तकही काढले. परंतु त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आवाका दाखवणारा 'फोटोग्राफिंग इंडिया' हा ग्रंथ उजेडात यायला २०१३ साल उजाडले, आणि जाना आदल्याच वर्षी निवर्तले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला, आणि सबीना गडिहोक यांनी त्यांच्या कामावर लिहिलेला ग्रंथ आला २००६ मध्ये, होमाईबाई नव्वदी ओलांडून गेल्यावर. ग्रंथ उशिरा निघाला तरी निघाला, असे म्हणून समाधान मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. दुष्काळाचे छायाचित्र दुष्काळाच्या दशकात ग्रंथरूपाने आले तर ती साक्ष ठरते, पन्नास-साठ वर्षांनी आले तर त्याच्याकडे स्मरणरंजनाच्या डोळ्यांनी पाहिले जाते, आणि ज्याच्याविरुद्ध ती साक्ष द्यायची होती तो प्रतिवादी तोवर न्यायासनासमोरून निघून गेलेला असतो.

आता खर्चाची बाब. एका छापखान्यात रात्रपाळीच्या सफाई कामगारांच्या छायाचित्रांचा फॉर्म यंत्रावर असताना मी उभा होतो. साध्या, लेप नसलेल्या कागदाने शाई अशी शोषून घेतली की गटाराच्या तोंडाशी वाकलेल्या माणसाची पाठ आणि तिच्यामागची रात्र एकाच करड्या रंगात विरघळून गेली. काळे अधिक काळे व्हावे म्हणून मशीनमनने शाई वाढवली तेव्हा पाठ अंधारात बुडाली आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीवर तिचा डाग उमटला. उपाय ठाऊक होता: काळ्याच्या जोडीला करड्याची दुसरी प्लेट, लेपाचा कागद, वाळायला एक दिवसाची उसंत, पण या तिन्ही गोष्टींचे पैसे मूळ अंदाजपत्रकात धरलेलेच नव्हते. पाने जुजबंदीने न शिवता पाठीला डिंक लावून चिकटवायची ठरली होती, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला नेमका मधला चेहरा बांधणीच्या घळीत गडप होणार हेही दिसत होते. प्लेटा आणि यंत्राची जुळवाजुळव यांचा खर्च पाचशे प्रतींना जेवढा, पाच हजारांना तेवढाच. म्हणून प्रती थोड्या काढाव्या तर किंमत वाचकाच्या आवाक्याबाहेर जाते, पुष्कळ काढाव्या तर त्या गोदामात पडून राहतात. त्यात भर म्हणजे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कागदावर मात्र आहे. आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे कागदापायी भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. कादंबरीच्या प्रकाशकालाही हे जाचते, पण ज्याच्या मालाचा जीवच कागदात आहे त्याला अधिक जाचते.

इतके सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच, कारण पैसे उभे राहिले तेव्हाही आपल्याकडे ग्रंथाऐवजी बहुधा आल्बम निघाला. रॉबर्ट फ्रँक या स्विस छायाचित्रकाराने १९५५ पासून अमेरिका पालथी घालून पंचवीस हजारांहून अधिक चौकटी टिपल्या आणि त्यांतून ठेवल्या केवळ ८३. त्या ८३ छायाचित्रांचा ग्रंथ प्रथम १९५८ साली पॅरिसच्या रॉबेर देलपीर यांनी काढला, तेव्हा छायाचित्रांसमोरच्या पानांवर अमेरिकेविषयीचे निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या आवृत्तीत ते उतारे गाळून जॅक केरुअॅकची प्रस्तावना घातली गेली आणि समोरची पाने जवळजवळ कोरी राहिली. छायाचित्रे तीच, क्रम तोच, पण पहिले पुस्तक अमेरिकेविषयीचा प्रबंध वाटत होते आणि दुसरे एक दीर्घ काव्य वाटू लागले. एखादे पान कोरे सोडण्यात अर्थ आहे हे ओळखून त्या अर्थासाठी कागदाची किंमत मोजणारा माणूस मराठी प्रकाशनसंस्थेच्या आस्थापनेवर कोठे असतो? आपल्याकडे कवितासंग्रहातला क्रम बदलला तर कवी भांडतो, संपादकही त्याच्याशी हुज्जत घालतो. छायाचित्रांचा क्रम मात्र मुखपृष्ठकार आपल्या सोयीने लावतो, प्रस्तावनेसाठी एखाद्या मान्यवर साहित्यिकाला पाचारण केले जाते, आणि प्रत्येक चित्राखाली चित्रात दिसते तेच पुन्हा सांगणारी ओळ टाकली जाते.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. संदेश भंडारे यांनी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या साहाय्याने फडाफडांतून हिंडून तमाशा टिपला आणि त्यातून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक मराठीत झाले. याच्या उलट, मुंबईच्या फॉकलंड रोडवरील वेश्यांचे मेरी एलन मार्क यांनी केलेले गाजलेले पुस्तक १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले. त्या रस्त्याचे आजचे नाव पठ्ठे बापूराव मार्ग असे आहे, हा योगायोग तमाशाच्या अभ्यासकाला अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही. सूनी तारापोरवाला यांचे पारशी समाजावरील पुस्तक, रघुबीर सिंह यांचे १९९४ चे मुंबईवरील पुस्तक, ही सारी इंग्रजीतच. म्हणजे ज्या गल्ल्यांत मराठी बोलले जाते त्यांचे छायाचित्रग्रंथ मराठीच्या दुकानात येतच नाहीत.

प्रकाशक मिळत नाही म्हणून छायाचित्रकाराने स्वतःच प्रकाशक व्हावे, हा मार्ग अलीकडे रूढ होतो आहे. सोहराब हुरा यांनी 'अग्ली डॉग' या आपल्याच नाममुद्रेखाली पुस्तके काढली आणि त्यांतल्या 'द कोस्ट'ला २०१९ मध्ये पॅरिसचा वर्षातील सर्वोत्कृष्ट छायाचित्रग्रंथाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी दोन वर्षे तोच मान दयानिता सिंग यांच्या 'म्युझियम भवन'ला मिळाला होता, ज्याचा प्रकाशक जर्मनीतील ग्योटिंगेनचा स्टाइडल. प्रतिभेला वाट सापडते हे यावरून दिसते खरे. परंतु स्वतःच्या खर्चाने काढलेल्या अशा पुस्तकाच्या प्रती साधारणतः जगभरच्या संग्राहकांकडे जातात, जिल्हा ग्रंथालयाकडे नव्हे. ग्रंथालयाचा तरी दोष काय? त्याच्या खरेदीच्या यादीत छायाचित्रग्रंथासाठी स्वतंत्र रकाना नसतो, आणि एका छायाचित्रग्रंथाच्या किमतीत चार कादंबऱ्या येत असतील तर कार्यकारिणी कशाला मंजुरी देईल हे सांगायला नको. नवलेखकांना मिळणारे शासकीय प्रकाशन-अनुदान काव्य, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य अशा वाङ्मयप्रकारांसाठी आहे. छायाचित्र हा वाङ्मयप्रकार नव्हे, आणि ते तसे मानावे अशी मागणीही कोणी जोरकसपणे केल्याचे दिसत नाही.

राहता राहिला हक्काचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या सतराव्या कलमान्वये, करारनाम्यात निराळे काही ठरले नसेल तर, वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्राचा नियतकालिकांत छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा आणि अन्य सर्व बाबतींत छायाचित्रकाराचा. म्हणजे पुस्तकाचा हक्क त्याचाच. परंतु फिल्म कचेरीची, कपाट कचेरीचे, त्यामुळे निगेटिव्हचा ताबाही कचेरीचा: हक्क एकाकडे आणि वहिवाट दुसऱ्याकडे, अशी ही जमीन पडीक राहते. १९८२ च्या गिरणी संपाच्या निगेटिव्ह अशा किती कपाटांत असतील! ताबेदार आणि हक्कदार यांच्यात नवा करारनामा होऊन त्या कपाटांतल्या निगेटिव्हची तारीखवार यादी तयार झाली, आणि त्यावेळचे छायाचित्रकार हयात आहेत तोवर कोणती चौकट कोणत्या गिरणीच्या दारात टिपली हे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले, तर निवड करायला बसणाऱ्या संपादकापुढे निदान साहित्य तरी असेल.